पंचाचा डोळा आणि यंत्राचा डोळा

पांचांमुखीं परमेश्वर, असें मराठी मुलखांत पूर्वापार म्हणत आले आहेत. गांवच्या वादांत पांच शहाण्या माणसांनीं एकत्र बसावें, दोन्ही बाजू ऐकाव्या आणि निकाल द्यावा. त्या निकालांत देवाचा शब्द आहे असें समजून सर्वांनीं तो मान्य करावा, ही त्यामागची भावना. फुटबॉलच्या मैदानावरील पंच मात्र एकटाच असतो. त्याला बसावयास मिळत नाहीं, कोणाची बाजू ऐकून घेण्यास सवड नसते, आणि बावीस धांवत्या खेळाडूंच्या गर्दींतून जें दिसलें न दिसलें त्यावरून क्षणार्धांत निकाल द्यावा लागतो. अशा निकालाला परमेश्वराचा शब्द मानावें, अशी अपेक्षा फुटबॉलनें सव्वाशें वर्षें बाळगली. ती अपेक्षा कशी ढासळत गेली आणि पंचाच्या मदतीला चित्रफीत व संगणक कसे आले, ही हकीकत मोठी बोधप्रद आहे. खेळाच्या निमित्तानें न्यायाचाच प्रश्न तींत उभा राहिलेला दिसतो.

लंडन येथें १८६३ सालीं फुटबॉल असोसिएशन स्थापन होऊन तिनें आपले पहिले नियम लिहिले, तेव्हां त्यांत पंचाचा उल्लेखच नव्हता. सभ्य गृहस्थ जाणूनबुजून नियम मोडणार नाहींत, आणि चुकून मोडलाच तर दोन्ही कप्तान आपसांत समजून घेतील, असा त्या काळचा विश्वास होता. पुढें चषकासाठीं सामने होऊं लागले, चुरस वाढली, आणि प्रत्येक संघानें आपापला एक अंपायर आणावा अशी रीत पडली. खेळाडूंनीं दाद मागितली म्हणजे हे अंपायर निर्णय देत. दोघांचें एकमत न झाल्यास वाद तिसऱ्या गृहस्थाकडे जाई, आणि हा तिसरा गृहस्थ मैदानाच्या बाहेर उभा असे. रेफरी या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच ‘ज्याच्याकडे वाद सोपवावयाचा तो’ असा आहे. १८९१ सालीं या बाहेरच्या गृहस्थाला मैदानाच्या आंत आणलें, निर्णयाचा अधिकार त्याच्या हातीं दिला, आणि दोन्ही अंपायरांना रेषेवर उभें करून लाइन्समन केलें. पेनल्टी किकचा नियमही त्याच वर्षाचा. सभ्यपणावरील विश्वास उडाल्याची ती दुहेरी कबुली होती. खेळाडूंच्या शब्दाची जागा पंचाच्या शब्दानें घेतली, आणि खेळांत जें घडलें त्याविषयीं पंचाचा निर्णय अखेरचा, हें तत्त्व पुढें नियमांत रुजलें.

या तत्त्वांत व्यवहारी शहाणपण होतें. पंच चुकत नाहीं, असें त्यांत म्हटलेलें नव्हतें. चुकला तरी खेळ पुढें चालला पाहिजे, एवढेंच म्हटलें होतें. जोंपर्यंत पंचापेक्षां अधिक चांगलें कोणालाच दिसत नव्हतें, तोंपर्यंत हें निभावून गेलें. दूरचित्रवाणीनें ही व्यवस्था उलटी केली. घरीं खुर्चींत बसलेल्या माणसाला एकच प्रसंग चार बाजूंनीं, मंद गतीनें, पुन्हां पुन्हां दिसूं लागला; आणि ज्यानें निर्णय द्यावयाचा त्या एकट्यालाच तो एकदां, पूर्ण वेगानें, एकाच बाजूनें पाहावा लागे. साऱ्या जगाला ठाऊक आणि न्यायाधीशाला मात्र अज्ञात, अशी विलक्षण स्थिति उत्पन्न झाली.

तिचें पहिलें मोठें उदाहरण ३० जुलै १९६६ रोजीं लंडनच्या वेंब्ली मैदानावर घडलें. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांची दोन दोन गोलांनीं बरोबरी झाली होती आणि जादा वेळ चालू होता. १०१ व्या मिनिटाला जेफ हर्स्ट यानें मारलेला चेंडू आडव्या दांड्यावर आपटला, खालीं रेषेजवळ पडला आणि बाहेर उसळला. नियम असा कीं संपूर्ण चेंडूनें संपूर्ण रेषा ओलांडली तरच गोल. स्वित्झर्लंडचे पंच गॉटफ्रीड डिन्स्ट यांना खात्री नव्हती. ते लाइन्समन तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे गेले. सोव्हिएत संघाकडून आलेले हे गृहस्थ मूळचे अझरबैजानचे. त्यांनीं होकार दिला आणि गोल झाला. इंग्लंडनें सामना चार विरुद्ध दोन गोलांनीं जिंकला. पुढें तीस वर्षांनीं, १९९६ सालीं, ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनीं जुन्या चित्रफितीवरून गणित मांडून दाखविलें कीं चेंडू पूर्णपणें आंत गेलेला नव्हता; निदान सहा सेंटिमीटर उणे पडले होते. तीस वर्षांनंतरचें हें गणित म्हणजे वरातीमागून घोडें. चषक काय तो कधींच इंग्लंडच्या घरीं गेला होता.

वेंब्लीची चूक निष्पाप होती. २२ जून १९८६ रोजीं मेक्सिको शहरांतील अझ्टेक मैदानावर जें घडलें त्याला निष्पाप म्हणतां येत नाहीं. अर्जेंटिनाचा दिएगो मॅराडोना आणि इंग्लंडचा गोलरक्षक पीटर शिल्टन हे दोघे एकाच चेंडूसाठीं उंच उडाले आणि मॅराडोनानें डोक्याऐवजीं मुठीनें चेंडू गोलांत ढकलला. त्यांत थोडा देवाचाही हात होता, अशा अर्थाचें त्याचें सामन्यानंतरचें बोलणें जगभर गाजलें. ट्युनिशियाचे पंच अली बेन्नासर यांनीं पुढें सांगितलें कीं, आपल्याला शंका आली होती, म्हणून आपण बल्गेरियाचे लाइन्समन बोग्दान डोचेव्ह यांच्याकडे पाहिलें. त्यांनीं हरकत घेतली नाहीं म्हणून गोल दिला. डोचेव्ह यांचें म्हणणें असें कीं, पंचानें निर्णय दिल्यावर त्याच्याशीं चर्चा करण्याची मुभा त्या काळीं आपल्यासारख्यांना नव्हती. दोघेही आयुष्यभर एकमेकांकडे बोट दाखवीत राहिले. खेळाडूच्या कृत्याचा कलंक खेळाडूला लागला नाहीं. तो देवाच्या नांवानें मिरवला, आणि दोन साध्या माणसांना मात्र त्याचा जन्मभर जाच झाला.

इतकें होऊनही खेळाचे नियम ठरविणारें आंतरराष्ट्रीय मंडळ यंत्राला दारांत घेण्यास राजी नव्हतें. क्रिकेटनें १९९२ सालींच तिसरा पंच पडद्यापुढें बसविला होता आणि टेनिसनें २००६ सालीं चेंडूचा मार्ग रेखाटणारें यंत्र स्वीकारलें होतें. परंतु हे दोन्ही खेळ थांबत थांबत चालतात. दोन चेंडूंच्या मध्यें विचाराला जागा असते. फुटबॉलचा प्राण त्याच्या प्रवाहांत आहे, तो अडविला तर खेळच मरेल, असा आक्षेप होता. त्यांत तथ्य नव्हतें असें म्हणतां येणार नाहीं. मार्च २०१० मध्यें या मंडळानें गोलरेषेवरील यंत्राचे प्रयोगदेखील बंद केले. खेळ माणसाचा आहे, तो माणसाच्याच हातीं राहूं द्यावा, असा सूर होता.

त्यानंतर चार महिनेही लोटले नव्हते. २७ जून २०१० या एकाच दिवशीं दक्षिण आफ्रिकेंतील विश्वचषक स्पर्धेंत दोन प्रसंग घडले. दुपारीं ब्लूमफाँटेन येथें इंग्लंडच्या फ्रँक लँपर्डचा चेंडू दांड्यावर आदळून जर्मनीच्या गोलरेषेच्या चांगला आंत पडला. सर्व जगानें तो पाहिला, पण पंच व लाइन्समन यांना तो दिसला नाहीं. संध्याकाळीं जोहान्सबर्ग येथें अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेस यानें मेक्सिकोविरुद्ध उघड ऑफसाइड असतांना गोल केला. तेथील हकीकत अधिक करुण आहे. मैदानांतील मोठ्या पडद्यावर त्या गोलाचें चित्र पुन्हां दाखविलें गेलें. मेक्सिकोच्या खेळाडूंनीं तें पाहिलें आणि ते पंचाभोंवतीं गोळा झाले. इटलीचे पंच रॉबेर्तो रोसेत्ती आपल्या साहाय्यकाशीं बोलले; परंतु पडद्यावरील चित्रावरून निर्णय फिरविण्याची नियमांत सोय नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात; येथें कांकण डोळ्यांपुढें असून त्याकडे पाहण्याचीच मनाई होती. गोल कायम राहिला. दोन दिवसांनीं फिफाचे अध्यक्ष सेप ब्लाटर यांनीं इंग्लंड व मेक्सिको या दोन्ही देशांची क्षमा मागितली.

तरीही एक शेवटचा मानवी उपाय राहिला होता. युरोपीय संघटनेचे अध्यक्ष मिशेल प्लातिनी हे यंत्राचे कडवे विरोधक. त्यांनीं प्रत्येक गोलाजवळ एकेक जादा पंच उभा करण्याची पद्धति आणली. १९ जून २०१२ रोजीं दोनेत्स्क येथें युक्रेन व इंग्लंड यांच्या सामन्यांत तिची परीक्षा झाली. युक्रेनचा चेंडू रेषा ओलांडून गेल्यावर इंग्लंडच्या जॉन टेरीनें तो बाहेर काढला. जादा पंच थोड्याच अंतरावर उभा होता. त्याला दिसलें नाहीं, आणि मुख्य पंच हंगेरीचे व्हिक्टर कासाई यांनींही गोल दिला नाहीं. डोळ्यांची संख्या वाढवून भागत नाहीं, हें सिद्ध झालें. सोळा दिवसांनीं, ५ जुलै २०१२ रोजीं, नियम-मंडळानें गोलरेषेवरील यंत्राला मान्यता दिली.

हें यंत्र नेमकें काय करतें, तें समजून घेण्यासारखें आहे. प्रत्येक गोलावर सात सात कॅमेरे रोखलेले असतात. निरनिराळ्या कोनांतून मिळालेल्या चित्रांवरून संगणक चेंडूचें अवकाशांतील स्थान काढतो, आणि संपूर्ण चेंडू रेषेपलीकडे गेला तर एका सेकंदाच्या आंत पंचाच्या मनगटावरील घड्याळ थरथरतें. खेळ थांबत नाहीं, वाद होत नाहीं. २०१४ च्या ब्राझीलमधील विश्वचषकांत फ्रान्स व होंडुरास यांच्या सामन्यांतील गोल या साक्षीवरून प्रथम ठरला. दुधाचें दूध आणि पाण्याचें पाणी व्हावें, असा हा प्रकार होता. अर्थात् हेंही साधन मानवनिर्मितच. १७ जून २०२० रोजीं शेफील्ड युनायटेड व ॲस्टन व्हिला यांच्या सामन्यांत गोलरक्षक चेंडूसह रेषेच्या आंत गेला; सातही कॅमेऱ्यांच्या आड खेळाडू व खांब आले आणि घड्याळ गप्प राहिलें. पंचानें आपल्या डोळ्यांपेक्षां मनगटावर भिस्त ठेवली व गोल बुडाला. एके काळीं पंचाच्या शब्दावर जी श्रद्धा होती, ती आतां घड्याळावर बसली होती.

गोलरेषेचा प्रश्न सोपा होता, कारण त्याचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच असतें. धक्का मुद्दाम दिला कीं चुकून लागला, हात चेंडूला लागला कीं चेंडू हाताला, हे प्रश्न त्या जातीचे नाहींत. त्यांच्यासाठीं यंत्राजवळ माणूसच बसवावा लागला. नेदरलंड्समधील संघटनेनें या व्हिडिओ साहाय्यक पंचाच्या कल्पनेचे प्रयोग कित्येक हंगाम प्रथम गुपचूप केले, आणि मार्च २०१६ मध्यें नियम-मंडळानें प्रत्यक्ष सामन्यांत तिची चांचणी घेण्यास अनुमति दिली. त्याच वर्षीं १४ डिसेंबरला जपानमध्यें फिफाच्या क्लब विश्वचषकांत एका पंचानें खेळ थांबविला, मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्याकडे धांव घेतली, चित्र पाहिलें आणि काशिमा संघाला पेनल्टी दिली. फिफाच्या स्पर्धेंत असें प्रथमच घडत होतें. तो पंच म्हणजे दोनेत्स्कचे व्हिक्टर कासाई. आणि जोहान्सबर्गच्या पडद्यापुढें असहाय उभे राहिलेले रोसेत्ती पुढें फिफाच्या याच योजनेचे एक प्रमुख चालक झाले. ज्यांचे हात एकदां बांधले गेले होते, त्यांनींच ती गांठ सोडविण्यास हातभार लावला.

मार्च २०१८ मध्यें ही पद्धति नियमांत दाखल झाली. चारच बाबतींत तिचा उपयोग करावयाचा असें ठरलें: गोल, पेनल्टी, थेट लाल पत्र, आणि एकाऐवजीं दुसऱ्याच खेळाडूला झालेली शिक्षा. तेथेंही चूक स्पष्ट व उघड असली तरच हस्तक्षेप करावयाचा, आणि अखेरचा शब्द मैदानावरील पंचाचाच. आठशेंहून अधिक सामन्यांचा अभ्यास करून बेल्जममधील लूव्हेन विद्यापीठानें असें दाखविलें होतें कीं, या बाबतींत पंचांचे पहिले निर्णय ९३ टक्के बरोबर असत व व्हिडिओच्या साहाय्यानें तें प्रमाण ९८.९ टक्क्यांपर्यंत गेलें. भारतांतही २०२२ सालीं सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाच्या निमित्तानें भुवनेश्वर, मडगांव व नवी मुंबई येथें ही व्यवस्था आली.

परंतु त्या उरलेल्या एका टक्क्याच्या मागें एक मोठा प्रश्न दडून बसला होता. १५ जुलै २०१८ रोजीं मॉस्को येथें फ्रान्स व क्रोएशिया यांच्या अंतिम सामन्यांत क्रोएशियाच्या इव्हान पेरिशिचच्या हाताला चेंडू लागला. अर्जेंटिनाचे पंच नेस्टोर पिताना पडद्यापाशीं गेले. त्यांनीं चित्र पाहिलें, ते निघाले, पुन्हां मागें फिरले आणि तेंच चित्र आणखी एकदां पाहून पेनल्टी दिली. हात लागला होता, यांत वाद नव्हता; लागलेल्या हाताला अपराध म्हणावें कीं नाहीं, हा वाद होता, आणि तो कॅमेऱ्याला सोडवितां येत नव्हता. तो पंचाच्याच मनांत सुटावयाचा होता. शिवाय मंद गतीचें चित्र कांहीं वेळां पाहणाऱ्याला फसवितें. २०१६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, तीच कृति मंद गतीनें पाहिली असतां ती अधिक हेतुपुरस्सर केलेली वाटते. कारण करणाऱ्याला विचाराला वेळ होता असा भास होतो. म्हणूनच धक्क्याचा जोर पाहतांना चित्र मूळ वेगानें पाहावें, असा दंडक घालावा लागला.

ऑफसाइडची मोजणी तरी बिनचूक असेल, असें वाटणें साहजिक आहे. पण सेकंदाला पन्नास चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्याचा विचार करावा. सेकंदाला ८ मीटर वेगानें धांवणारा खेळाडू दोन चित्रांच्या मध्यें १६ सेंटिमीटर पुढें गेलेला असतो. चेंडू पायावरून सुटला तो क्षण कोणत्या चित्रांतला, हें ठरवितांना एका चित्राचा फरक पडला कीं बोटभर अंतराचे निवाडे कोलमडतात. २०२२ च्या कतारमधील विश्वचषकांत यावर तोड निघाली: छताखालीं बारा कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंची सेकंदाला पन्नास वेळां नोंद, आणि चेंडूच्या पोटांत बसविलेलें, सेकंदाला पांचशें वेळां संदेश धाडणारें यंत्र. पहिल्याच सामन्यांत तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरचा गोल या मोजणीनें रद्द झाला. पंचाच्या डोळ्यानें, किंबहुना मैदानांतील कोणाच्याही डोळ्यानें, ती ऑफसाइड क्वचितच दिसली असती.

न्याय सूक्ष्म झाला, परंतु त्याची किंमतही चुकवावी लागली. फुटबॉलमध्यें गोल दुर्मिळ. म्हणून त्याचा आनंद स्फोटासारखा असतो. आतां गोल झाला कीं हजारों माणसें क्षणभर जल्लोष करतात आणि मग स्तब्ध उभीं राहून कोठल्या तरी दूरच्या खोलींतून येणाऱ्या होकाराची वाट पाहतात. घरीं बसलेल्यांना चित्र दिसतें. तिकीट काढून मैदानांत आलेल्यांना पुष्कळदां आपण कशाची वाट पाहतों आहों, हेंही कळत नाहीं. स्वीडनमधील बहुसंख्य क्लब सभासदांच्या मालकीचे आहेत. त्यांच्या विरोधामुळें तेथील संघटनेनें २०२४ सालीं ही पद्धति आणण्याचा बेत सोडला. त्याच वर्षीं जुलैमध्यें नॉर्वेत प्रेक्षकांनीं निषेधार्थ मैदानावर टेनिसचे चेंडू आणि माशांचे वडे फेंकून एक सामना बंद पाडला. मार्च २०२५ मध्यें मात्र तेथील संघटनेच्या सभेनें पद्धति कायम ठेवली. इंग्लंडमध्यें ती रद्द करण्याचा ठराव जून २०२४ मध्यें एकोणीस विरुद्ध एक मतानें फेटाळला गेला. लोक कुरकुरतात, पण एकदां दिवा लावल्यावर अंधारांत निवाडा करावयास कोणी सहसा तयार होत नाहीं.

तथापि दिवा लावल्यानें दृष्टि येते असें नाहीं, हें ३० सप्टेंबर २०२३ रोजीं लंडनमध्यें दिसून आलें. टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस दियास यानें केलेला गोल लाइन्समननें ऑफसाइड ठरविला. पडद्यापुढील पंचांनीं रेषा आंखून पाहिली; गोल नियमाला धरून होता आणि त्यांना तो तसाच दिसलाही. परंतु मैदानावरील मूळ निर्णय ‘गोल’ असाच आहे, अशी त्यांची चुकीची समजूत झालेली होती. ‘तपासणी पूर्ण’ असें त्यांनीं कळविलें. पंचानें त्याचा अर्थ ‘ऑफसाइड बरोबर’ असा घेतला आणि खेळ सुरू झाला. चूक ध्यानांत येईपर्यंत वेळ निघून गेली होती. एकदां खेळ सुरू झाल्यावर नियमाप्रमाणें मागें फिरतां येत नव्हतें. कॅमेऱ्यानें खरें दाखविलें, संगणकानें खरें मोजलें, पाहणाऱ्यानें खरें पाहिलें; आणि एवढें सत्य दोन माणसांमधील दोन शब्दांच्या फटींत सांडून गेलें.

या साऱ्या इतिहासाचें तात्पर्य यांतच आहे. यंत्र हा उत्तम साक्षीदार आहे. त्याला न्यायाधीश समजण्यांत चूक होते. साक्षीदार काय घडलें तें सांगतो. त्याचा अर्थ काय करावयाचा, तो शब्दांत कसा मांडावयाचा आणि वेळेवर कोणी उच्चारावयाचा, हें काम १८९१ सालीं पंचाच्या गळ्यांत पडलें तें अजून सुटलेलें नाहीं. एक गंमत अशी कीं, त्या वर्षीं मैदानाबाहेरच्या गृहस्थाला आंत आणलें गेलें, आणि सव्वाशें वर्षांनीं पुन्हां एका गृहस्थाला बाहेर बसवून शंकेचे प्रसंग त्याच्याकडे सोपविले जाऊं लागले. मॅराडोनासारखी लबाडी आतां पचत नाहीं, लँपर्डसारखा गोल बुडत नाहीं, हा लाभ लहान नव्हे. दोन निरपराध पंचांनीं आयुष्यभर एकमेकांना दोष देत बसावें, असा प्रसंग आतां सहसा येणार नाहीं.

वेंब्लीचे लाइन्समन तोफिक बहरामोव्ह १९९३ सालीं वारले. बाकू येथील मोठ्या मैदानाला त्यांचें नांव देण्यांत आलें. एखाद्या राष्ट्रानें आपलें क्रीडामंदिर पंचाच्या नांवानें ओळखावें, असा मान विरळाच. २००४ सालीं तेथें त्यांच्या पुतळ्याचें अनावरण झालें, तेव्हां जेफ हर्स्ट मुद्दाम हजर होता. ऑक्सफर्डचें गणित त्यापूर्वीं आठ वर्षें प्रसिद्ध झालेलें होतें. बहरामोव्ह यांना चुकीचें दिसलें असेल. पण शंकेच्या क्षणीं, कोणताही पडदा पाठीशीं नसतांना, त्यांनीं आपल्याला जें दिसलें तें निःशंकपणें सांगितलें. त्यांच्या गांवानें मान दिला तो या धैर्याला. पंचाला आतां हजार डोळे मिळाले आहेत. तें धैर्य मात्र त्याला अजून आपल्याच छातींतून काढावें लागतें.